पाण्याच्या आवाजात आयकू येते

रोहणा, ११ जून

एवढ्या फोटोत एक माणूस नाई. निरा दगड. हे खालून, हे वरून, हे पाणी, अन् हे तेच पाणी दुसऱ्या बाजूनं. रजतच्या मोबाइलवर मी सगळे पाह्यले, चष्मा पुसून पाह्यले. एका तरी दगडाखाली 'बाबांचा पाय कसा आहे' असं लिहिलं असतं तं तुही बोटं झिजली असती का? नऊ महिने झाले पोरी. नऊ महिन्यात लेकरू होते.

असो. अंकिताले जयवंता आजीचा आशीर्वाद. जेवत जाजो.

फोनवर तू मले 'आजी, आवाज कटून राह्यला' म्हणून ठेवून देते, म्हणून कागद घेतला. कागद कटत नाई. मी चौथी शिकली, तेही गुरुजी आमच्या वावरातले बोरं खाये म्हणून पास झाली. तवा अक्षर पाहू नको, मजकूर पाह्य. टपालानं हा कागद तुह्या ऑस्ट्रियाले पोचेपर्यंत कपाशीले बोंडं लागतीन, म्हणून रजत याचा फोटो काढून पाठवते. रजत, तू हे वाचून राह्यला ते मले ठाऊक आहे. वाच, पण बहिणीच्या पत्रात तोंड घालू नको.

तुह्या बापाचं सांगते. तुह्याकडे पोळा करून गेलता, नवे बूट घालून. दिवाळीच्या आधी आला तो चाकाच्या खुर्चीवर. आता काठी घेऊन चालते. उकिडवं बसता येत नाई. बैलाच्या डवऱ्यामागं जाता येत नाई, वावराच्या धुऱ्यावर खुर्ची टाकून बसते अन् मजुराले हात दाखवते. बोलणं पहिलेच कमी होतं, आता त्याचंही बी मोडलं. तुही आई तुह्याशी बोलते हे मले ठाऊक आहे. मोरीत जाऊन बोलते, नळ चालू करून. तिले वाटते बुढीचे कान गेले.

गावात तो सांगते, फोटो काढता काढता पाय घसरला. लोकं मान हलवतात. मीही हलवली. पण हेमराज माह्या पोटचा आहे. चोपन्न वर्षाच्या आयुष्यात या माणसानं फोटो काढला नाई. मोबाइल उलटा धरते अन् सोताच्या कानाचा फोटो निघते. तो तुह्या तिकडच्या त्या दगडाच्या घळीत कठड्याच्या बाहेर जाऊन कशाचा फोटो काढत होता, हे मले तू सांग.

हे विचारायचं कारण आहे. पर्वा जेवता जेवता म्हणाला, यंदा पचमढीले नागद्वारच्या यात्रेले जाणार. मी म्हटलं कोण? म्हणाला, मीच. पायात लोखंडाची पट्टी अन् आठ खिळे घेऊन हा सात पहाड चढणार. आर्वीच्या डॉक्टरनं सांगतलं की शिडीवर एक पाय चुकला तं पुन्हा उभा राहणं नाई. मी विचारलं, एवढी कशाची घाई? तं म्हणे, नवस आहे. कोणता? कोणासाठी? पाण्याचा तांब्या उचलला अन् उठून गेला.

नागपंचमी दीड महिन्यावर आहे. माहं तो आयकत नाई, बायकोचं तं लग्नापासून आयकलं नाई. तुहं आयके. तू त्याले सांग, नको जाऊ म्हणून. एवढं एक काम कर, मंग पाहत बस तुहे दगड.


रोहणा, २४ जून

पेरणी झाली. सोयाबीन कमी, कपाशी जास्त. हे तुले काऊन सांगून राह्यली तं घरचं पत्र आहे म्हणून.

तुहा निरोप रजतनं वाचून दाखवला. 'आजीला सांग, पाण्याचा आवाज खूप मोठा होता, मला काही ऐकू आलं नाही.' तीन खेपा वाचाले लावला मी. पोरी, मी तुले फोटोचं विचारलं होतं, तू मले कानाचं सांगतलं. न विचारलेलं जे सांगते त्याच्याच पोटात असते. तुह्या आजोबानं चोर असाच धरलता. बैल कुठं आहे विचारलं तं तो म्हणे, मी दोरी नाई सोडली.

मंग मी रजतले म्हटलं, ते हालतं पाणी दाखव. तुनं त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं ना, बाप पडल्याचं कळाच्या आधी? ते आम्ही तेव्हा सगळ्यांनी पाह्यलं होतं, पण पाह्यलंच होतं. अंगणात दहा माणसं, सगळे बोलून राह्यले, कोणी म्हणे पाणी पहा कसं हिरवं, कोणी म्हणे पोरीनं नाव काढलं.

या वेळी दार लावून पाह्यलं. जागा चांगली आहे, खोटं काऊन बोलू. दोन्ही कडून दगड उभा, ताटासारखा घासलेला. वर आभाळाची चिंधी. दगडाच्या अंगाले लाकडाच्या फळ्या ठोकून वाट केली आहे, एका बाजूनं लोखंडी कठडा, खाली पाणी असं की जणू कोणी त्याच्या मागं लागलं. एका ठिकाणी दोन दगडाच्या मधात आख्खं झाड अडकून बसलं आहे, पुरानं आणून टाकलेलं. तू हळूहळू ते सगळं दाखवते. झाड दाखवते, झाडावरचं हिरवं शेवाळ दाखवते.

मी रजतले म्हटलं, आवाज मोठा कर. म्हणाला, पाण्याचाच आहे. म्हटलं, कर.

पहिले पाणीच आहे. मंग आला. 'अंकिते.' दुरून, वळणाच्या पलीकडून. जरा वेळानं पुन्हा, 'ए अंकिते.' मंग तिसऱ्या वेळी त्यानं नाव सोडलं अन् पुरा दम लावून म्हणाला, 'हर बोला.'

त्या घळीत तो महादेवाची हाक मारून राह्यला होता. अन् तुहा हात हालला नाई. झाडावरच होता तुहा मोबाइल, शेवाळावर. बाजूची एक पोरगी हासत काही विचारते, अन् तू इंग्रजीत एकच वाक्य बोलते. मी रजतले विचारलं, काय म्हणाली? तो सांगे ना. मी म्हटलं, तुह्या तोंडात काय मूग शिजून राह्यले? तं म्हणाला, 'आजी, त्या पोरीनं विचारलं, हे कोण ओरडून राह्यलं. ताई म्हणाली, कोणीतरी असेल.'

कोणीतरी असेल.

मी मोबाइल त्याच्या हातात देला अन् तांदूळ निवडाले बसली.


रोहणा, ३ जुलै

काल तू मलेच फोन केला, आवाज कटला नाई. रडून झालं असंल तं आता आयक.

तू म्हणाली, बापानं घळीच्या दारातच बूट काढले, तिकीट देणाऱ्या बाईनं पुन्हा घालाले लावले, अन् तुह्यासंगच्या त्या चार जणी हासल्या. तू म्हणाली, तो प्रत्येक वळणावर हाका मारत होता अन् लोकं मागं वळून पाहत होते. तुले लाज वाटली. बरं. लाज वाटते माणसाले. बापाची तं वाटतेच, मले माह्या बापाची वाटे, तो लग्नात पंगतीतले लाडू धोतरात बांधून आणे.

पण तो बूट काऊन काढत होता हे तुनं त्या पोरींले सांगतलं नाई. अशा जागी, जिथं दोन पहाडाच्या मधातून पाणी येते, तिथं आपण जोडा घालून जात नाई. त्यानं जनमभर अशी एकच जागा पाह्यली, नागद्वार. त्याले वाटलं, दुसरी तशीच असंल. अन् हाका तो गंमत म्हणून मारत नव्हता. तू लहानपणी रोहण्याच्या बाहेरच शिकत राह्यली, यात्रेले आली नाई, म्हणून लिहिते.

महादेवाच्या वाटेवर कोणाचं नाव घेत नाईत. बाप असो की सून, सगळे भगत. वळण आलं, शिडी आली, की एकानं म्हणायचं 'हर बोला', अन् जो दिसत नाई त्यानं म्हणायचं 'हर हर महादेव'. ती ओ आहे. तिथं दाटी, धुकं, वरून पाणी, डोळ्याचं काही काम नाई. आपल्या रोहण्याच्या मंडळीचा नेम असा की ओ आली नाई तं समोर एक पाऊल टाकायचं नाई. जिथून ओ आली नाई तिकडे जायचं अन् माणूस शोधायचं. ओ नाई म्हणजे भगत पडला. त्याचा दुसरा अर्थ आमच्यात नाई.

आता समजलं, तो कठड्याच्या बाहेर कशाचा फोटो काढत होता?

तू मले म्हणाली, आजी, बाबांना सांगू नको. मी काय सांगणार. तुह्या बापाच्या मोबाइलमधी ते आहे. रोज दुपारी गोठ्याजवळच्या बाजेवर पडून तो ते पाहते. मी चार दिवस कवेलूच्या छपराच्या सावलीत उभी राहून पाह्यलं. पाणी, झाड, शेवाळ, 'अंकिते', 'ए अंकिते', 'हर बोला'. मंग तुहा आवाज येते. इंग्रजी त्याले समजत नाई, पण पोरीचा आवाज बापाले समजत नसंल का? तो तिथं बंद करते. रजतले मी विचारलं, बाबांनी तुले अर्थ विचारला का? नाई विचारला. घरात इंजिनेर पोरगा बसला असून नऊ महिन्यात नाई विचारला.

मी त्याच्या बाजेवर जाऊन बसली. सरळ विचारलं, 'पोरीले आयकू आलं होतं ना?'

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. म्हणाला, 'पाण्याचा आवाज होता, माय.'

बस. मी उठली अन् गोठा झाडाले लागली.


रोहणा, १२ जुलै

रजत, हे पत्र वाचलं तरी चालते. आता सगळ्यांनीच वाचा.

दहा दिवसापासून थकवा आहे. कामाचा नाई. काम तं मी आता करत नाई, नुसती कटकट करते.

तुहा आजोबा रूपराव लंगडत होता, ते तू पाह्यलं आहे. तुले सगळ्यांनी सांगतलं की नागद्वारच्या शिडीवरून पडला. खरं आहे. काऊन पडला ते कोणी सांगतलं नाई, कारण ते मले अन् त्यालेच ठाऊक होतं, असं मी समजत होती.

तुहा बाप नऊ वर्षाचा होता. गावची पंधरा-सोळा माणसं गेलतो. सकाळी निघताना माह्या चालण्यावरून रूपरावनं मंडळीसमोर म्हटलं, 'ही मागं राह्यली तरी काही बिघडत नाई, सैपाक करणारे दुसरे आहेत.' सगळे हासले. माह्या नणदेनं तं टाळी देली. मी मनात म्हटलं, बिघडते का नाई ते पाहू.

तिथंही अशीच घळ आहे. दोन उभे दगड, मधात पाणी, अन् एक शिडी. तो पोराले घेऊन शिडी उतरून खाली गेला. मी वर एका मोठ्या दगडाच्या मागं बसली. पाय दुखत होते हे खरं, पण बसली ती पायासाठी नाई. खालून हाक आली, 'हर बोला.' स्पष्ट आली. दुसरी आली. तिसरी आली. पोरी, पाण्याच्या आवाजात आयकू येते. आपल्या माणसाची हाक तं पाण्याच्या वरून येते. म्हणून तुहा निरोप आला तेव्हाच मले समजलं. ते खोटं माहं आहे, मी पंचेचाळीस वर्षं वापरून जुनं केलेलं. तू नवं समजून घातलं.

त्यानं पोराले शिडीच्या पायथ्याशी उभं केलं, हालू नको म्हणाला, अन् गर्दीच्या उलटं वर चढाले लागला. उतरणारे लोकं, ओले पाय, एकाचा धक्का. कमरेवर पडला.

मी सांगतलं, पाण्याच्या आवाजात आयकू नाई आलं. नंतर तोही लोकांले तेच सांगे. 'तिले आयकू नाई आलं बिचारीले.' बिचारी म्हणे मले. मी त्याच्या कमरेले तेल लावलं, त्याच्या वाटचं वावर वाह्यलं, पण खरं सांगतलं नाई. तो मेला त्या दिवशीही नाई. तुले वाटत असंल बुढी रडून राह्यली. नाई. रडायचं तेव्हा रडली नाई तं आता कशाले. पण तुह्या बापानं जो पाय मोडला तो तिकडच्या दगडावर मोडला एवढंच तू पाहून राह्यली. त्या दगडाचं दुसरं टोक इकडे माह्या दगडाले लागते.

काल मी त्याले सांगतलं. धुऱ्यावर, खुर्चीजवळ, भर दुपारी. म्हटलं, 'तुह्या बापाची हाक मले आयकू आली होती. तीनही. मी दगडामागं बसली होती, राग होता म्हणून.'

तो कपाशीकडे पाहत राह्यला. मले वाटलं, उठून जाईल. म्हणाला, 'ठाऊक आहे. तुहं हिरवं लुगडं दिसून राह्यलं होतं खालून.'

नऊ वर्षाचं पोट्टं. शिडीखाली उभं राहून त्यानं माहं लुगडं पाह्यलं, बापाले चढताना पाह्यलं, पडताना पाह्यलं. बापाले सांगतलं नाई, मले सांगतलं नाई, बायकोले सांगतलं नाई. पंचेचाळीस वर्षं माह्या हातचं जेवला.

मी म्हटलं, 'मंग तुले तं ठाऊक होतं की माणूस आयकूनही ओ देत नाई. तिकडे पोरीनं ओ देली नाई तं तू कठडा ओलांडून खाली काऊन गेला? समजलं नाई का तुले?'

म्हणाला, 'समजलं होतं. पण एखाद्या वेळी खरंच पडली असंल तं?'

एवढं बोलला अन् मजुराले हात दाखवाले लागला, की तिकडची ओळ राह्यली.


रोहणा, १६ जुलै

हे शेवटचं. माह्या बोटात आता ताकद नाई अन् कागदही उरला नाई, मागं रजतची जुनी गणितं आहेत, ती वाचू नको.

नवस समजला. तुह्या आईनं काढला त्याच्या तोंडून, मोरीतला नळ बंद करून. तो तिथं खाली दगडात पाय अडकून अर्धा घंटा पडला होता. तू वर होती, धड होती, हे त्याले ठाऊक नव्हतं. त्याले वाटून राह्यलं होतं की तू त्याच्याही खाली आहे, पाण्यात. तेव्हा तो बोलला की पोरगी सापडू दे, नागद्वार करीन. पोरगी सापडली. वरच सापडली. पण महादेव अशा बारक्या गोष्टी पाहत नाई, बोललं ते बोललं.

मंडळी पंचवीस तारखेले आर्वीहून निघते, पांढुर्ण्यावरून. त्यानं नाव लिहून देलं आहे. डॉक्टरनं पुन्हा सांगतलं. तो म्हणते, जमलं तं जमलं.

आता नेम आयक. गावच्या सगळ्यात म्हाताऱ्या भगताले, अण्णाजीले, मी विचारून आली. घरापर्यंत चालत गेली, दोन जागी बसली. अण्णाजी म्हणाला, ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं सोता पहाड केला तं तो फिटते. बोलणाऱ्यानं पायथ्याशी बसून हाक द्यायची, करणाऱ्यानं ओ द्यायची. असं पहिलेही झालं आहे, लेकरासाठी बोललेले नवस लेकरांनी मोठं होऊन केले आहेत.

तू तं दर रविवारी घळी करते. आल्प्सच्या केल्या, तिकीट काढून केल्या, फळ्यांवरून केल्या. हीही कर. इथं फळ्या नाईत, कठडा नाई, पिवळी पाटी नाई की इथून किती घंटे. दगड ओला राहते अन् मागचा माणूस तुह्या खांद्यावर हात ठेवून चढते, विचारत नाई. तुह्यासंगच्या चार जणी आणायच्या असतीन तं आण. हासू दे. इथं सगळेच हासतात. जोडे मात्र खाली काढून ठेवायचे.

रजतनं सांगतलं की तू त्याले पर्वा नागपंचमीची तारीख विचारली. तारीख विचारली म्हणून मी कुठं दिवा लावला नाई. तारीख कोणीही विचारते.

तुह्या बापाले मी हे सांगतलं नाई. त्याची पिशवी भरून ठेवली आहे. तो पिशवी उचलंल, पहाडाकडे पाहील, तेव्हा तू तिथं असशीन तं तो खाली बसंल. नसशीन तं चढंल. मी पचमढीपर्यंत गाडीत जाईन, समोर माह्यानं होणार नाई. तू शिडीच्या वर गेल्यावर तो खालून तीन खेपा हाक मारंल. त्याचा आवाज पहिल्यासारखा राह्यला नाई, अन् तिथं पाणी मोठं आहे. तरी आयकू येईल.

माफी मागू नको, रडू नको, बाबा म्हणू नको. त्या वाटेवर तो बाबा नाई, भगत आहे. नुसतं हर हर महादेव म्हणजो, अन् असं म्हणजो की तुह्या बाजूच्या माणसानं विचारावं, कोणाले ओ देली.

या पत्राचं उत्तर मले नको. रजतच्या मोबाइलवर नको, आईच्या मोरीत नको. हाक त्याची आहे. ओ तू द्यायची. तुह्या बदल्यात रजतनं देली तं त्याचे दात मी मोजून हातात देईन.

जयवंता रूपराव, रोहणा